राऊतवाडीचा धबधबा आणि मुक्कामी गाडी

प्रश्न : गेल्या जुलैत एका रविवारी आम्ही घरची सगळी राऊतवाडीच्या धबधब्याला गेलो होतो. नाष्टा करून, आवरून निघालो, पोचायला साडेअकरा झाले. बऱ्याच अलीकडे गाड्यांची रांग लागलेली. सासूबाईंचे गुडघे धरलेले असतात, त्यांना तेवढं चालवेना, म्हणून त्या आणि मी गाडीतच बसलो. हे मुलांना घेऊन जाऊन आले, पण त्यांनाही धबधबा लोकांच्या डोक्यांवरूनच दिसला. वर स्पीकर, आरडाओरडा, दारू प्यालेली पोरं. ह्यांना रविवारशिवाय सुट्टी नाही. सासूबाई यंदा पुन्हा जाऊया म्हणतायत. फारसा कुणाला माहीत नसलेला दुसरा एखादा धबधबा सांगाल का?
— एक वाचक, फुलेवाडी

ताई, दुसरा धबधबा सांगणार नाही. माहीत आहेत चार-दोन. पण असं ठिकाण या पानावर छापून आलं की पुढच्या रविवारी तिथं गाड्या जाऊन उभ्या राहतात, आणि ज्यांच्या बांधावरून वाट जाते ते लोक मला शिव्या घालतात. एकदा खाल्ल्यात. शिवाय तसल्या जागी पाय घसरला तर हाकेला माणूस नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि तुमच्यासोबत गुडघे धरलेल्या सासूबाई. राऊतवाडीलाच जा. फक्त वेळ बदला.

माझी सत्तावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी करण्यात गेली, त्यातली बरीच राधानगरीच्या अंगाला. मुक्कामी गाडी म्हणजे काय हे आता पोरांना समजावून सांगावं लागतं. शेवटची फेरी घेऊन गाडी गावात जाते, रात्री तिथंच थांबते आणि पहाटे तीच पहिली गाडी म्हणून परत फिरते. ड्रायव्हर-कंडक्टरनं गाडीत नाहीतर देवळात अंग टाकायचं. त्या भागात असाच मुक्कामाला असताना एका पहाटे आमचे ड्रायव्हर म्हणाले, "चला, गाडी सुटायला तास-दीड तास हाय, धबधबा बघून येऊ." जायचं तर तिकिटाची पेटी आणि पैशाची बॅग काखेत मारूनच, ती मागं टाकून कंडक्टरला कुठं हलता येत नाही. झुंजुमुंजू झालं होतं. धबधबा दिसायच्या आधी ऐकू आला. मला वाटलं, एवढ्या पहाटे भाताची गिरण कुणी चालू केली? वळण घेतलं आणि तोंडावर तुषार आले.

माणूस एक नव्हता. म्हशी घेऊन निघालेला एक म्हातारा तेवढा भेटला, डोक्यावर खोळ घेतलेला. त्यानं आम्हालाच विचारलं, "गाडी सोडून हिकडं काय करतायसा?" दहा-पंधरा मिनिटं उभं राहिलो, फार काही बोललो नाही, परत आलो. गाडी सुटली, पहिलं तिकीट फाडायला गेलो तर पेटीत पाणी. दोन रुपयांची अख्खी गड्डी एकमेकाला चिकटलेली. बाजारला निघालेल्या बायका हसायला लागल्या. डेपोत हिशेब देताना कॅशियरनं ती गड्डी चिमटीत धरून विचारलं, "गाडी गळती का?" मी हो म्हणालो. गळत होतीच, खोटं काही बोललो नाही.

तर मुद्दा असा, की गर्दीलाही वेळापत्रक असतं आणि ते एसटीपेक्षा पक्कं असतं. कोल्हापूरचा माणूस रविवारी सातला उठतो, नऊला मिसळ खातो, पेट्रोल घालून दहाला रंकाळा ओलांडतो, हळदी-परिते करत अकरा-साडेअकराला राधानगरीत उतरतो. चारच्या पुढं भिजून, भुकेजून माघारी वळतो. गर्दी म्हणजे दुसरं काही नाही, मिसळ खाऊन निघालेली माणसं. तुम्हीही गेल्या वर्षी त्याच गाडीत बसला होता, वाईट वाटून घेऊ नका.

यंदा पाचला घर सोडा. अंतर साधारण पंचावन्न किलोमीटर, पावसात सव्वा-दीड तास धरा. मुलांना झोपेतच उचलून मागच्या सीटवर टाका. रस्त्यात दूध संस्थांपुढं किटल्या घेऊन उभी असतील तेवढीच माणसं दिसतील. साडेसहाला पोचलात की गाडी जवळपर्यंत जाते, सासूबाईंना थोडंच चालावं लागेल. त्यांना हाताला धरून न्या, एक घडीची खुर्ची न्या आणि अर्धा तास निवांत बसू द्या. सोबत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही घ्या, कारण तेव्हा तिथं चहासुद्धा मिळेलच असं नाही. आणि आठला निघा. आठ म्हणजे आठ. "अजून थोडा वेळ" म्हणत साडेनऊ केलेत की परतीच्या अरुंद रस्त्यावर समोरून सगळं कोल्हापूर येतं, आणि गाडी मागं घेण्यात दिवस जातो. मिसळ खायचीच असेल तर परत येताना खा.

रविवार कुठला, हेही बघा. सगळी झुंबड तरण्या आणि म्हाताऱ्या पावसात उडते, म्हणजे पुनर्वसू-पुष्य नक्षत्रांत, जुलैभर. तेव्हा पाऊस एवढा असतो की धबधबा आणि धुकं वेगळं ओळखू येत नाही, वर पाणी तांबूस गढूळ. मघा-पूर्वात, म्हणजे ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून पुढं, पाणी निवळतं, पांढरं होतं, मधूनच ऊन पडतं. जोडून सुट्ट्या आल्या तर तो आठवडा सोडा. आणि माझी सगळ्यात आवडती वेळ सांगू का? गणपतीतला रविवार. आदल्या रात्री अख्खं शहर बारा-एकपर्यंत देखावे बघत फिरलेलं असतं, पहाटे पाचला कोण उठतंय!

निघायच्या आधी दोन गोष्टी पक्क्या करा. प्रशासनानं बंदी घातली असेल तर जाऊ नका, वाटेत पोलिसांशी वाद घालू नका. आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. एकोणचाळीस फुटांना इशारा पातळी आणि त्रेचाळीसला धोका पातळी हे तुम्हाला माहीत असेलच. पंचगंगा पात्राबाहेर आलेली असताना धबधबा बघायला निघणं म्हणजे शहाणपण नव्हे. पाण्यात मुलांना सोडू नका. शेवाळावरनं प्लॅस्टिकची चप्पल सरकते, आणि वरून पाण्याबरोबर दगडही येतो.

परतताना राधानगरी धरण लांबूनच, पण बघा. शाहू महाराजांनी काम काढलेलं हे भोगावतीवरचं धरण, आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे. ना वीज, ना माणूस. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला पाण्याचा रेटा. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की रेटा वजनाला भारी पडतो आणि दरवाजा आपण होऊन उघडतो, पातळी उतरली की आपण होऊन मिटतो. एका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी जातं. सासूबाईंना सांगायला सोपं आहे, आडावरच्या रहाटाला बांधलेल्या दगडासारखं. फक्त "दरवाजा उघडला" अशी बातमी ज्या दिवशी मोबाइलवर फिरते त्या दिवशी तिकडं फिरकू नका, त्या दिवशी पाण्यापेक्षा माणसं जास्त असतात.

प्रश्न : कॉलेजची पंचवीस मुलं घेऊन सप्टेंबरात फुलं बघायला जायचं आहे. कासचं बुकिंग करावं की मसाई पठार पुरेसं आहे?
— एक प्राध्यापक, इचलकरंजी

सर, कासबद्दल माझं वाईट मत नाही. ते २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं (त्याच यादीत आपलं राधानगरीचं अभयारण्यही आहे, हे कोल्हापूरकरच विसरतात), मग रेटारेटी झाली, मग रोज तीन हजार माणसांची मर्यादा आणि ऑनलाइन बुकिंग आलं. ते बरंच झालं. पण साताऱ्यापर्यंत जायचं, पुढं घाट चढायचा आणि ठरल्या वेळेत मुलं गोळा करायची, यात तुमचा दिवस हजेरी घेण्यात जाणार.

मसाई पन्हाळ्याच्या पलीकडं. पन्हाळ्याची रविवारची गर्दी तीन दरवाजा बघते, कणीस खाते आणि परत फिरते. पठारापर्यंत त्यातली फार थोडी येतात. तरी तुम्ही आठवड्यातला दिवस घ्या, तुम्हाला तो घेता येतो. जुलैत १२-१३ तारखेच्या आसपास मात्र पन्हाळा-पावनखिंड मोहिमेची मंडळी पठारावरून जातात. शिवाजी महाराज १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडं याच वाटेनं गेले. ते दिवस त्यांचे. तुमचे दिवस गणपती उठल्यावरचे.

मुलांना उभं राहून बघू देऊ नका, गुडघ्यावर बसवा. लांबून नुसती पिवळी सोनकी आणि गुलाबी तेरडा दिसतो. खाली वाकलं की कातळावरच्या बोटभर पाण्यात सीतेची आसवं सापडतात. निळी-जांभळी, नखाएवढी फुलं, आणि तीच बया मुळाशी असलेल्या बारीक फुग्यांत पाण्यातले किडे ओढून घेऊन खाते. तिच्याजवळच दवबिंदू असतो. त्याच्या पानांवर चिकट थेंब चमकतात, त्यावर बसलेला कीटक परत उठत नाही. हे मला माझ्याच गाडीतल्या एका वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी दाखवलं. बांबवड्याला उतरायच्या बाई, फुलं बघायच्या नादात गाडीला पंधरा मिनिटं उशीर झाला आणि एकही प्रवासी बोलला नाही.

एकच सांगणं. पंचवीस जोड्या बूट त्या ओल्या कातळावरून हिंडले तर पुढच्या वर्षी तिथं काही नसतं. गाडीवाटेनं एका ओळीत चालवा, पाच-पाच जणांना आळीपाळीनं खाली बसवा. बसून सेल्फी घ्यायला फुलांवर मांडी घालणाऱ्याला तिथंच उठवा, मग तो प्राचार्यांचा मुलगा असला तरी.

प्रश्न : काजवे बघायला दाजीपूरला कधी जावं? मित्र म्हणतात जूनअखेर.
— एक विद्यार्थी, राजारामपुरी

भावा, जूनअखेर पावसात भिजून येशील, काजवे दिसणार नाहीत. मेचा शेवटचा आठवडा ते पावसाची पहिली जोरदार सर, एवढाच त्यांचा मोसम. अमावस्येच्या अलीकडची-पलीकडची रात्र धर, शनिवार सोड. गाडीचे दिवे लांबच बंद कर आणि मोबाइलची बॅटरी लावू नकोस. नराचं लुकलुकणं म्हणजे मादीला घातलेली हाक असते, तू उजेड पाडलास की तिला ती दिसत नाही. पाच मिनिटं अंधारात गप्प उभा राहा, डोळे सरावले की समोरचं झाड एकदम उजळतं आणि एकदम विझतं. पाच मिनिटं गप्प राहणारे मित्र असतील तरच त्यांना ने.