वाचक विचारतात: लॅटिनो मत नक्की कुणाचं?

प्रश्न: माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो २०२४ ला तिकडचे लॅटिनो (मूळ लॅटिन अमेरिकेतलं असलेले लोक) ट्रम्पकडे सरकले. मला हे पचतच नाहीये, जो माणूस उघड सांगतोय की मी तुमच्या लोकांना बाहेर काढणार, त्याला हे लोक मत कसं काय देतात? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: भाऊ बरोबर सांगतोय. प्यू रिसर्च या जनमताचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संस्थेने खरोखर मतदान केलेल्या लोकांचा जो हिशोब काढला त्यात २०२० ला लॅटिनोंपैकी ६१ टक्के बायडनकडे आणि ३६ टक्के ट्रम्पकडे होते, आणि २०२४ ला ते हॅरिस ५१, ट्रम्प ४८ असं झालं. म्हणजे बहुमत अजूनही डेमोक्रॅटचंच, पण अगदी काठावर.

आता तुम्ही मनात धरून चाललाय की मत देणारा आणि मेक्सिकोतून नदी ओलांडून येणारा एकमेकांना आपले मानतात. मत द्यायला नागरिक असावं लागतं, आणि यातले बरेचसे मतदार जन्मानेच अमेरिकन आहेत. टेक्सासची स्टार काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) बघा, मेक्सिकोच्या सीमेवर रिओ ग्रांडे नदीच्या काठावर, ९५ टक्क्यांच्या वर हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिनोच, वस्ती. १८४८ ला नदी ही सीमा ठरली त्याच्याही आधीपासून काही घराणी तिथे जमीन राखून आहेत, त्यांना कुणी 'बाहेरून आलेले' म्हटलं तर ती भडकतील. तिथे बऱ्यापैकी पगाराची नोकरी म्हणजे काय, तर तेलाच्या फील्डवर किंवा बॉर्डर पेट्रोलमध्ये (सीमेवर पहारा देणारं सरकारी दल), आणि बॉर्डर पेट्रोलचे जवळपास निम्मे एजंट लॅटिनोच आहेत. म्हणजे एखाद्या घरात मामा गणवेशात सीमेवर उभा आणि भाचा ड्रिलिंगला, अशा घरात डेमोक्रॅटांकडून 'तेल बंद करू, सीमा सैल करू' असा नुसता वास जरी आला तरी काय होणार सांगा. २०१६ ला डेमोक्रॅट हिलरी क्लिंटनबाई तिथे तब्बल ६० टक्क्यांनी पुढे होत्या, २०२० ला बायडन जेमतेम ५ ने, आणि २०२४ ला ट्रम्प साधारण १६ ने जिंकला. १८९२ नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन!

पण गंमत अशी की त्याच दिवशी, ही काउंटी ज्या मतदारसंघात येते तिथून डेमोक्रॅट हेन्री क्वेयार परत खासदार म्हणून निवडून आला, आणि त्याच मतदारसंघात राष्ट्राध्यक्षपदासाठी मात्र ट्रम्पला जास्त मतं. माणूस ओळखीचा, मवाळ, सीमेबद्दल कडक बोलणारा, त्याला दिलं. लोक पक्षाच्या दावणीला बांधलेले नाहीत हो.

मायामीची गोष्ट तर पूर्ण वेगळी. तिथले क्युबन कास्त्रोपासून पळून आलेले, १९६१ ला बे ऑफ पिग्जच्या वेळी (कास्त्रोला पाडायला क्युबावर झालेला फसलेला हल्ला) डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष केनेडीने हात आखडता घेतला याचा राग घराघरात मुरलेला, त्यात व्हेनेझुएला आणि निकाराग्वाहून आलेल्यांची भर. 'समाजवाद' हा शब्द ऐकला की कॅये ओचो या तिथल्या क्युबन वस्तीच्या रस्त्यावरच्या कॉफीच्या खिडकीशी उभे असलेले म्हातारे अजूनही पेटतात. मायामी-डेडमध्ये क्लिंटनला २९ टक्क्यांची आघाडी होती, आठ वर्षांनी ट्रम्पला ११ ची. उलट कॅलिफोर्नियात १९९४ ला बिगर-कागदपत्रवाल्यांच्या शाळा-दवाखान्यावर घाला घालणारा प्रस्ताव १८७ आला, रिपब्लिकन गव्हर्नर विल्सनने तो उचलून धरला, आणि त्या रागातून एक अख्खी पिढी नागरिकत्व घेऊन डेमोक्रॅटांना मत द्यायला लागली. आपल्याकडे सावंतवाडी आणि गोंदिया एकगठ्ठा मत देतील असं कुणी म्हणालं तर आपण हसू, तिकडे मात्र मेक्सिकन, क्युबन, डॉमिनिकन सगळे एकाच पोत्यात.

प्रश्न: पोर्टो रिकोला 'कचऱ्याचं बेट' म्हटलं त्याचा काही परिणाम झाला नाही का? (पुण्याहून)

उत्तर: ऑक्टोबर २०२४ ला न्यूयॉर्कमधल्या ट्रम्पच्या सभेत एका कॉमेडियनने तो विनोद केला आणि सगळ्या चॅनेलवाल्यांनी ठरवूनच टाकलं की आता खेळ संपला. पोर्टो रिको हे अमेरिकेच्याच ताब्यातलं कॅरिबियन बेट, तिथले लोक १९१७ पासून अमेरिकन नागरिक आहेत, बेटावर राहून राष्ट्राध्यक्षाला मत देता येत नाही पण फ्लोरिडात राहायला आले की देता येतं. त्या फ्लोरिडातली ओसिओला काउंटी, पोर्टो रिकन वस्तीचा बालेकिल्लाच म्हणा, ती नऊच दिवसांनी झालेल्या मतदानात ट्रम्पकडे गेली. थोडक्या फरकाने, पण गेली. अपमान झाला हे खरंच, पण त्या दिवसांत डोक्यात घरभाडं आणि अंड्यांचा भाव होता.

प्रश्न: एक्झिट पोलचे आकडे दरवेळी वेगळे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: कारण तो राज्याच्या निकालासाठी बेतलेला असतो, लॅटिनोंसाठी नाही. त्यात त्यांची संख्या थोडी, आणि कुठल्या बूथबाहेर उभं राहिलात त्यावर बरंच ठरतं. २००४ ला धाकट्या बुशला ४४ टक्के लॅटिनो मतं असं छापून आलं, नंतर अभ्यासकांनी तपासलं तर आकडा ४० च्या आसपास आला. तरी रिपब्लिकनसाठी तो भारीच होता, आणि हे सगळेच विसरले.

प्रश्न: म्हणजे आता हा मतदार कायमचा रिपब्लिकन? (तोच नाशिकचा वाचक)

उत्तर: भावालाच विचारा, त्याच्या राज्यातच उत्तर आहे. पॅटरसन शहर आहे ती पसेइक काउंटी, डॉमिनिकन आणि पेरूहून आलेल्यांची मोठी वस्ती, ती २०२४ ला ट्रम्पने जिंकली, तीसेक वर्षांत पहिल्यांदा. नोव्हेंबर २०२५ ला गव्हर्नरची निवडणूक झाली, मधल्या काळात स्थलांतरितांच्या धरपकडीच्या धाडी वाढल्या होत्या आणि महागाई काही उतरली नव्हती, आणि तीच काउंटी डेमोक्रॅट मिकी शेरिलकडे परत गेली, तीही चांगल्या मोठ्या फरकाने. मग डेमोक्रॅटवाले पुन्हा 'आपले लोक घरी आले' म्हणून पेढे वाटायला निघाले.