अमेरिकेतलं ‘डायरेक्ट थर्ड इयर’: वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात कम्युनिटी कॉलेजबद्दल (दोन वर्षांची सरकारी कॉलेजं, तिथून युनिव्हर्सिटीच्या तिसऱ्या वर्षाला जायचं म्हणजे ट्रान्सफर) जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतकी पत्रं आली की हा महिना त्यांनाच देऊन टाकला. मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात बरीच वर्षं काउन्सेलर होते, आता रिटायर झालेय, त्यामुळे कॅलिफोर्नियाबद्दल हात सैल सुटेल, बाकीच्यांनी सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, मुलगा जूनमध्ये हायस्कूल संपवून बाहेर पडला. कम्प्युटर सायन्ससाठी यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) पाच कॅम्पसना अर्ज केले होते, एकाही ठिकाणी झालं नाही. शेवटी डी अँझा कम्युनिटी कॉलेजला नाव घातलंय. तो म्हणतो दोन वर्षांनी ट्रान्सफर घेतो, आत्ता टेन्शन नको, पहिल्या क्वार्टरला (तीनेक महिन्यांच्या सत्राला) सोपे क्लास घेऊन सेटल होतो. मला धाकधूक आहे. आणि खरं सांगू का, महाराष्ट्र मंडळात कोणी विचारलं की मी विषय बदलते. – एक आई, सनीव्हेल

उत्तर: आधी मंडळाचं बघू. तुमच्या माहेरी-सासरी कोणीतरी दहावीनंतर डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगला गेलेलं असेलच, नाही का? त्या मुलाला आज कोणी विचारतं का रे बाबा तू बारावी का नाही केलीस म्हणून? हे तसंच आहे, फक्त इथे डायरेक्ट थर्ड इयर. आणि ही काही मागच्या दाराची सोय नाही, १९६०च्या कॅलिफोर्निया मास्टर प्लॅनमध्येच ठरलंय की दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात करून यूसी नाहीतर कॅल स्टेटला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीला) जाता आलं पाहिजे. ॲपलवाला स्टीव्ह वॉझ्नियाक डी अँझाला शिकून मग बर्कलीला गेला, हे पुढच्या वेळी मंडळात सांगा आणि श्रीखंडाची वाटी पुढे करा.

आता मुलाचं. ‘आत्ता टेन्शन नको’ हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर इतक्या वेळा ऐकलंय की काय सांगू. गडबड अशी आहे की ‘दोन वर्षांनी’ म्हणजे दोन वर्षांनी नाहीच. पुढच्या वर्षीच्या फॉलला (शरद ऋतूतल्या सत्राला), म्हणजे त्याच्या दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच, ऑक्टोबर-नोव्हेंबरात यूसीचा अर्ज जातो, त्या वेळी त्याच्या हातात मार्क असतात फक्त पहिल्या वर्षाचे आणि मधल्या समरचे (उन्हाळी सत्राचे). फॉलचे मार्क नंतर जानेवारीत अपडेट करायचे असतात. म्हणजे ज्या वर्षात तो ‘सेटल’ होणार आहे त्याच वर्षावर सगळं ठरणार.

त्याच्याही आधी टॅग येतं. टॅग म्हणजे ट्रान्सफरची लेखी हमी, अटी पूर्ण केल्या की सीट पक्की. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस देतात, बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. अर्ज १ ते ३० सप्टेंबर, आणि एकाच कॅम्पसला करता येतो. आता हिशोब बघा: टॅग भरायच्या आधीच्या समरपर्यंत ४५ क्वार्टर युनिट (युनिट म्हणजे क्लास मोजायचं माप) झालेली लागतात. फॉल, विंटर, स्प्रिंग असे तीन क्वार्टर, प्रत्येकी १५ घेतली तर बरोबर ४५. १२ युनिटला पण फुलटाइमच म्हणतात, पण तीन वेळा १२ म्हणजे ३६, मग ९ युनिटसाठी समर जातो, आणि त्या समरला तुम्ही पुण्याची तिकिटं काढलेली असतात. असे दोन-तीन मुलगे तरी मी रडवेले झालेले पाहिलेत. एक मात्र आत्ताच सांगते, कम्प्युटर सायन्ससारखे गर्दीचे मेजर (मुख्य विषय) बऱ्याच कॅम्पसच्या टॅगमधून वगळलेले असतात, सँटा बार्बराचं इंजिनिअरिंग कॉलेज तर टॅगमध्ये नाहीच, आणि ही यादी दरवर्षी बदलते, त्यामुळे ‘माझ्या भावाला मिळालं होतं’ वर जाऊ नका. यूसी दरवर्षी टॅग मॅट्रिक्स नावाचा तक्ता काढते, त्या वर्षीचा बघायचा.

म्हणून प्लॅन उलटा करायचा, शेवटाकडून. असिस्ट डॉट ऑर्गवर जाऊन डी अँझा निवडायचं, मग यूसीचा एक कॅम्पस, मग मेजर, की समोर यादी येते, इथला कुठला क्लास तिथल्या कुठल्या क्लासच्या बदल्यात चालतो त्याची. अशी तीन-चार कॅम्पसची पानं प्रिंट काढून जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडा (हो, कागदावर, लॅपटॉपवर टॅब उघडून काही होत नाही, मुलं दुसऱ्या टॅबवर जातात) आणि सगळीकडे सारखे असलेले क्लास हायलायटरने रंगवा. ते आधी. कॅल्क्युलस डी अँझाला चार क्वार्टरची साखळी आहे, फिजिक्सची तशीच, प्रोग्रॅमिंगची तीनची, एक कडी सुटली की पुढचं सगळं मागे. पहिल्या क्वार्टरला मॅथ घेतलंच नाही तर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी गाडी थांबलेली असते आणि मुलगा तिसरं वर्ष काढतो, आणि मग तेच तिसरं वर्ष मंडळात लपवावं लागतं. साखळी अर्धी इथे अर्धी शेजारच्या कॉलेजात असंही नको, बऱ्याच वेळा पूर्ण मालिका एकाच कॉलेजात केली तरच ती धरतात. हायस्कूलमध्ये एपी (कॉलेजच्या पातळीचं) कॅल्क्युलस झालं असेल तर कुठल्या कॅम्पसला किती चालतं ते आधी बघा, झालेला भाग परत करून युनिट वाया घालवू नका.

आणि ते ‘जनरल एज्युकेशन’चे सोपे क्लास, ज्याला आधी आय-गेट-सी म्हणायचे आणि २०२५च्या फॉलपासून नवीन मुलांसाठी कॅल-गेट-सी झालंय, ते सोशॉलॉजी, साहित्य वगैरे करणाऱ्यांना फार उपयोगी, पण कम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंगला यूसी आधी मेजरची तयारी बघते. माझ्यासमोर एक मुलगा बसला होता, ९० युनिट पूर्ण, जीपीए (मार्कांची सरासरी) सुंदर, फिल्म स्टडीजपासून आर्ट हिस्टरीपर्यंत सगळं केलेलं, आणि फिजिक्सचा एक क्लास नाही. इंजिनिअरिंगला जायचं होतं. काय बोलणार.

एक शेवटचं, मुलाला एकटं गाठून विचारा: हायस्कूलला असताना समरमध्ये कुठल्या कम्युनिटी कॉलेजात क्लास घेतला होता का आणि त्यात काय मिळालं. तो मार्क कॉलेजचाच असतो, आयुष्यभर रेकॉर्डवर. डी किंवा एफ असेल तर परत करून सुधारता येतो, पण अर्जात ते कॉलेज लिहायचं गाळलं तर मिळालेली ॲडमिशनसुद्धा जाते.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते, कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटला ३१ डॉलर, १५ युनिटचे ४६५, वर किरकोळ फिया. तिकडे यूसीची नुसती ट्यूशन-फी वर्षाला चौदा-पंधरा हजाराच्या घरात. हे पण मंडळात सांगायला हरकत नाही.

प्रश्न: मुलीच्या कॉलेजला फोन केला तर काउन्सेलर म्हणते तुमच्याशी बोलू शकत नाही. मुलगी १७ वर्षांची आहे, फी मी भरतो! हा काय प्रकार आहे? – एक वडील, फ्रीमाँट

उत्तर: प्रकाराचं नाव फेर्पा, १९७४चा कायदा. मूल कॉलेजात नाव घालतं त्या दिवसापासून त्याचं शैक्षणिक रेकॉर्ड त्याचं, वय १७ असो नाहीतर १५, आणि फी कोणी भरली ह्याच्याशी कॉलेजला देणंघेणं नाही. मुलगी लेखी परवानगी देऊ शकते, पण काका, मी त्या टेबलाच्या पलीकडे बसलेय म्हणून सांगते, ती सही घेऊच नका. वडील सोबत आले की मूल गप्प बसतं, मी विचारते तुला काय आवडतं आणि उत्तर वडील देतात. तुम्ही फक्त एवढं बघा की ती पहिल्याच क्वार्टरला अपॉइंटमेंट घेते का, आणि कॉलेजच्या कुठल्याही काउन्सेलरची नाही तर ट्रान्सफर सेंटरची, आणि जाताना असिस्टची पानं घेऊन जाते का. अर्ध्या तासाची वेळ असते हो, त्यात पंचवीस मिनिटं जर ‘मेजर म्हणजे काय’ मध्ये गेली तर प्लॅन कधी होणार. आणि प्रत्येक भेटीनंतर काय ठरलं ते तिने ईमेलमध्ये लिहून काउन्सेलरला पाठवायचं. पुढच्या वेळी दुसरीच काउन्सेलर भेटली तर तो ईमेल कामाला येतो.

प्रश्न: ताई, मी १९ वर्षांचा, एच-४वर (बाबांच्या नोकरीच्या व्हिसामुळे घरच्यांना मिळणाऱ्या व्हिसावर) आहे, आठवीत असताना इथे आलो. आता फुटहिल कॉलेजला आहे, रेसिडेंट फी (इथल्या रहिवाशांची कमी फी) लागते. बाबांचं ग्रीन कार्ड कधी येईल देव जाणे. ट्रान्सफर झाल्यावर मी २१चा होईन. काय करू? – सॅन होजे

उत्तर: तुझ्यासारखी पत्रं ह्या वेळी सगळ्यात जास्त होती, त्यामुळे जरा नीट वाच. एच-४वर तुला फुलटाइम शिकता येतं आणि एच-४वाल्याला कॅलिफोर्नियात रेसिडेंट धरता येतं, म्हणून तुला ती फी लागतेय. २१ झालास की एच-४ संपतो आणि शिकत राहायचं तर साधारणपणे एफ-१ (विद्यार्थ्यांचा व्हिसा) घ्यावा लागतो. एफ-१ झाला की फीसाठी नॉनरेसिडेंट धरतात आणि यूसीला तो फरक थोडाथोडका नाही, दोन वर्षांचं घराचं बजेट त्याने उलटंपालटं होतं. म्हणून तुझ्या प्लॅनमध्ये सगळ्यात महत्त्वाची तारीख टॅगची नाही, तुझा वाढदिवस आहे. कॅलेंडर घे, २१वा वाढदिवस लाल शाईने मार्क कर आणि त्याच्या आत किती शिक्षण रेसिडेंट फीमध्ये बसतं ते बघ. समर क्वार्टर धरून दोन वर्षांचं काम लवकर उरकता येत असेल तर उरक, पण ट्रान्सफरला प्रवेश मुख्यतः फॉललाच असतो हे धरून चाल, नाहीतर लवकर संपवून घरी बसशील.

स्टेटस बदलायचा अर्ज वाढदिवसाच्या आदल्या महिन्यात करायची गोष्ट नाही, खूप महिने आधी हालचाल कर. फॅमिलीची ग्रीन कार्डची फाइल असेल तर तुझं वय कसं मोजायचं हा वेगळाच किचकट हिशोब आहे आणि तो वकिलाकडेच कर, मंडळातल्या काकांकडे नको, माझ्याकडेही नको. दुसऱ्या बाजूला कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला लेखी विचार. एच-४वर पगारी इंटर्नशिप नाही, हे तुला माहीत असेलच, पण प्रोजेक्ट, ट्यूटरिंगचं व्हॉलंटियर काम, रोबोटिक्स क्लब ह्यावर कोणी बंदी घातलेली नाही, आणि यूसीच्या अर्जातल्या निबंधांत सांगायला तुझ्याकडे जेवढं आहे तेवढं बऱ्याच जणांकडे नसतं. एकच प्लॅन ठेवू नकोस, सॅन होजे स्टेटसारखं घरून जाता येणारं कॅल स्टेट यादीत पाहिजेच, होस्टेलचा खर्च तरी वाचेल.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला. मुलगी वर्गात पहिल्या १५ टक्क्यांत आहे. रटगर्स युनिव्हर्सिटीला आधी मिडलसेक्स कॉलेजमार्गे (आमच्या काउंटीचं कम्युनिटी कॉलेज) जावं का?

उत्तर: जरूर विचार करा. पहिल्या १५ टक्क्यांत असेल तर एनजे स्टार्स ह्या स्कॉलरशिपमधून आपल्या काउंटीच्या कॉलेजची ट्यूशन भरली जाते, पाच सेमिस्टरपर्यंत, फक्त फुलटाइम पाहिजे आणि पुढे जीपीए ३.० राखायला पाहिजे. शिवाय २००७च्या लॅम्पिट कायद्याने तिथे एए किंवा एएस ही दोन वर्षांची डिग्री पूर्ण केली की सरकारी युनिव्हर्सिटीत ते क्रेडिट धरावे लागतात. इथे मेख दोन ठिकाणी आहे: एएएस नावाची तिसरी डिग्री असते ती ह्यात येत नाही, एका अक्षराने घात होतो, आणि क्रेडिट धरले म्हणजे मेजरची पूर्वतयारी झाली असं नाही. तुमच्याकडे एनजे ट्रान्सफर नावाची साइट आहे, आमच्या असिस्टची बहीण समजा, कुठला क्लास कुठे चालतो ते तिथे बघा.

प्रश्न: मी पुण्यातून बी.कॉम. केलंय, लग्नानंतर पंधरा वर्षं घरीच होते, आता ग्रीन कार्ड आलं. वय ४१. कम्युनिटी कॉलेजात जाऊन मग यूसीला ट्रान्सफर घ्यावी म्हणते. मुलगी हसते मला. – डब्लिन, कॅलिफोर्निया

उत्तर: मुलीला हसू दे, तिच्याच वर्गात जाऊन बसाल तेव्हा बघू. पण ट्रान्सफर मात्र नको. एक बॅचलर्स असताना दुसरी बॅचलर्स करायला यूसी सहसा घेत नाही, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. बी.कॉम.चं इव्हॅल्युएशन करून घ्या, म्हणजे ती इथे नक्की काय धरली जाते ते कळेल, तीन वर्षांच्या डिग्रीला प्रत्येक जण वेगळं मोजतो. मग कम्युनिटी कॉलेजात इथल्या अकाउंटिंगचे आणि टॅक्सचे क्लास घ्या, डिग्रीसाठी नाही तर कामासाठी, तुमच्याजवळच लिव्हरमोरला लास पोसिटास आहे, हेवर्डला शाबो आहे. सीपीए (आपल्याकडच्या सीएसारखं) करायचा विचार मनात असेल (मला वाटतं आहे, तुम्ही लिहिलं नाहीत एवढंच) तर त्याला लागणारे अकाउंटिंगचे क्लास कम्युनिटी कॉलेजातले चालतात, नियम कॅलिफोर्निया बोर्ड ऑफ अकाउंटन्सीच्या साइटवर त्या वर्षीचे बघा, कारण ते बदलतायत. पहिल्या सेमिस्टरला एकच क्लास, संध्याकाळचा, आणि त्या दिवशी पोळ्या बाकीचे लाटतील असं घरात आधीच जाहीर करा.

आणि विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट मागवायची तर आत्ताच कामाला लागा, पुण्यात कोणी भाचा-पुतण्या असेल तर त्याला गाठा, जुन्या मार्कलिस्टवर माहेरचं नाव असणार, तेव्हा मॅरेज सर्टिफिकेटची कॉपी त्याच्याकडे पहिल्याच फेरीत द्या.