वाचक विचारतात: मागितलं ते मिळालं नाही, मग आशा कशावर?

प्रश्न: स्पर्धा परीक्षेचे सगळे प्रयत्न झाले, आता वयोमर्यादाही संपली. दरवेळी चर्चच्या मंडळीतलं कुणीतरी बायबलमधलं यिर्मया २९:११ लिहून पाठवायचं, देवाचे तुझ्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत म्हणून. आता ते वचन दिसलं तरी राग येतो. माझा विश्वास कमी पडला का?
(एक वाचक, जालना)

उत्तर: नाही. तुम्हाला ते वचन मागचंपुढचं सोडून दिलं गेलं, आणि त्याच्या नावावर जे कबूल केलं गेलं ते त्यात नव्हतंच.

अख्खा अध्याय वाचा. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेलं हे पत्र आहे. आधीच्या, २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमक्ष सांगतो, की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मयाने मात्र ७० वर्षं सांगितली (२९:१०). म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना आपलं गाव पुन्हा दिसणार नव्हतं, आणि त्यांनाच अकरावं वचन दिलं गेलं. देवाचं अभिवचन त्यांच्या आयुष्याच्या पलीकडे पोचणारं होतं. कुणाच्या परीक्षेचा निकाल त्यातून काढता येत नाही. तसा जो काढून देतो तो, हेतू कितीही चांगला असो, हनन्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

ख्रिस्ती आशा उभी आहे ती येशूच्या पुनरुत्थानावर. येशूचा शिष्य पेत्र तिला जिवंत आशा म्हणतो आणि तिचं वतन स्वर्गात राखून ठेवलेलं आहे असं सांगतो (१ पेत्र १:३-४). निवड यादीत नाव नसल्याने त्या वतनाला धक्का लागत नाही. याचा अर्थ तुमचं नुकसान किरकोळ आहे असा मुळीच नाही. प्रेषित पौल आपल्या संकटाला हलकं आणि तात्कालिक म्हणतो (२ करिंथ ४:१७), पण त्याच पत्राचा अकरावा अध्याय पाहा: पाच वेळा ३९ फटके, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीन वेळा गलबत फुटलं. पहिल्याच अध्यायात तो मान्य करतो, की आम्ही जगण्याचीही आशा सोडली होती. येणाऱ्या गौरवाशेजारी ठेवून तोलल्यावरच त्याला हे ओझं हलकं वाटतं. नुसतं बघितलं तर ते जडच आहे, आणि तसं म्हणायला तुम्हाला पूर्ण मुभा आहे.

आता काय करायचं ते सांगतो. स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत: १-२ मध्ये तक्रार, ३-४ मध्ये मागणं, ५-६ मध्ये भरवसा. रोज सकाळी पंधरा मिनिटं वही घेऊन बसा आणि त्याच क्रमाने स्वतःची प्रार्थना लिहा. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ चार वेळा येतं, तेव्हा तुमच्याही चार ओळी तक्रारीच्या असू द्या, आणि त्या नेमक्या असू द्या. ‘मी दुःखी आहे’ असं मोघम लिहू नका. ‘प्रभू, वय निघून चाललंय हे तुला दिसत होतं, मग इतकी वर्षं का जाऊ दिलीस?’ असं लिहा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. देवाशी असं बोलणं पाप वाटतं, म्हणून ते थेट पाचव्या वचनावर उडी मारतात. मग भरवसा ओठांवर राहतो आणि राग आत साचतो. एखाद्या दिवशी पाचव्या वचनापर्यंत पोचणं झालं नाही, तर तिथेच थांबा आणि स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, तरी पवित्र शास्त्रात आहे.

आणि यिर्मया २९:५ मनावर घ्या: घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा. तुमच्या बाबतीत याचा अर्थ, जी नोकरी आज मिळतेय ती ‘तोपर्यंत’ म्हणून करू नका, आपलं काम म्हणून करा.

प्रश्न: सार्वकालिक जीवनावर सतत बोलणारी माणसं इथल्या कामाला निरुपयोगी होतात, असं माझे सहकारी म्हणतात. काय उत्तर देऊ?
(एक शिक्षिका, पुणे)

उत्तर: त्यांना केडगाव दाखवा. पंडिता रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण दुष्काळात गेली, पुढे भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षंही झाली नसताना १८८२ मध्ये पती गेले. त्याच बाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी एप्रिल १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडलं नाही. पौलही पुनरुत्थानावरचा मोठा अध्याय संपवताना आकाशाकडे बघत बसा म्हणत नाही. प्रभूच्या कामात तत्पर राहा, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत, असं म्हणतो (१ करिंथ १५:५८).

प्रश्न: माझ्या धाकट्या जावेचा तरुण मुलगा अपघातात गेला. ‘तो प्रभूजवळ आहे, रडू नकोस’ म्हटलं की ती आणखीच गप्प होते. मी काय बोलू?
(एक भगिनी, सोलापूर)

उत्तर: ‘रडू नकोस’ एवढं गाळा. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी तो रडला (योहान ११:३५). पौलानेही शोक करायला मनाई केलेली नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, इतकंच म्हटलं आहे (१ थेस्सल ४:१३). ‘देवाला आवडला म्हणून नेला’ हे तर अजिबात बोलू नका. त्या आईला असा देव मुलगा हिरावणारा वाटतो, आणि प्रार्थना करायची ती त्याच्याकडेच.

मुलंबाळं आणि सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस-रात्र त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होतं. कारणं सांगायला लागले आणि बिघडलं. तुम्हीही बसा. मुलाचं नाव घ्या, कारण घरात ते नाव कुणी घेईनासं झालं की आईला तो दुसऱ्यांदा गेल्यासारखा वाटतो. डबा न्या, तोही विचारून नको, सांगून: ‘उद्या भाजी-भाकरी आणते.’ येणंजाणं पहिल्या महिन्यानंतर आटतं, म्हणून त्याचा वाढदिवस, नाताळ आणि तो जाऊन वर्ष होईल तो दिवस आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी जा. पुनरुत्थानाबद्दल तिनेच विचारलं तर १ करिंथ १५ सावकाश वाचून दाखवा. नाही विचारलं, तर शेजारी बसून तुम्ही मनात वाचा.

मात्र ती जेवेनाशी झाली, रात्र-रात्र झोप लागेना, किंवा ‘मलाही जायचंय’ म्हणू लागली, तर तिला एकटं सोडू नका. पाळकांना कळवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.