पाच फुटी पाइप पेटवायचा कोणी?

प्रश्न: जुन्या तुर्की चित्रांमधे दिवाणावर रेलून बसलेला पगडीवाला माणूस आणि त्याच्या हातात ही एवढी लांब काठी दिसते, टोक पार खाली गालिच्यापर्यंत. आधी मला हुक्काच वाटला पण पाण्याचं भांडं कुठेच नाही. हे काय प्रकरण आहे? आणि इतक्या लांबून तो पेटवतो तरी कसा?

उत्तर: तो पेटवतच नाही, नोकर पेटवतो! सगळी गंमत तिथेच आहे. पाणीवाला तो नारगिले, तो वेगळा. हा चुबुक. तुर्कीत चुबुक म्हणजे नुसती काठी. आपल्या चाबकाशी नातं जोडायचा मोह होतो (मलाही झाला होता) पण चाबूक फारसीतून आलेला, त्याचा याच्याशी संबंध नाही.

भाग तीनच. खाली तंबाखू भरायची मातीची छोटी वाटी, तिला लुले म्हणतात, इस्तंबूलच्या तोपहाने भागातल्या लाल मातीच्या, घासून चकचकीत केलेल्या आणि वर सोनेरी नक्षी असलेल्या लुले फार नावाजलेल्या. मधे चेरी नाहीतर जाईच्या लाकडाची पोकळ नळी, चार-पाच फूट तर सहजच. आणि तोंडाशी अंबरचा जाडसर गोळा, म्हणजे झाडाचा चीक कोट्यवधी वर्षांत दगडासारखा झालेला असतो ना तोच, हा बाल्टिक समुद्राकडून यायचा आणि श्रीमंतांकडे त्यावर हिरेसुद्धा जडवलेले असायचे. म्हणजे खरा पैसा तोंडाशी, खालची वाटी काय, फुटली की दुसरी.

नळी लांब असली की धूर थंड होऊन येतो हे खरंच, पण माझ्या मते मोठं कारण थाटाचं. बड्या घरात यासाठी खास माणूस असायचा, चुबुकचू. तो आधी गालिच्यावर पितळेची छोटी ताटली ठेवणार, तीही अशा अंदाजाने की लुले तिच्यात टेकवून नळी फिरवली की अंबर बरोब्बर पाहुण्याच्या ओठांशी यावं, मग चिमट्याने निखारा. पाहुण्याला कॉफी आणि चुबुक द्यायचा म्हणजे द्यायचाच. आणि याच इस्तंबूलमधे 1633 मधे मोठ्या आगीनंतर सुलतान चौथ्या मुरादने तंबाखूवर बंदी घालून ओढणाऱ्यांना थेट मृत्युदंड लावला होता बरं का!

मग संपलं कशाने? सिगारेटने. क्रिमियन युद्धाच्या (1853 ते 56, एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला तुर्कस्तान, ब्रिटन, फ्रान्स) सुमारास ती पसरायला लागली, खिशात मावते, नोकर लागत नाही, ताटली लागत नाही, पाच फुटी काठी कोण सांभाळणार. आता अथेन्स, कोरिंथ अशा एकेकाळी ऑटोमन म्हणजे तुर्की सुलतानांच्या राज्यात असलेल्या ठिकाणी खोदलं की लाकूड कुजून गेलेलं असतं पण फुटक्या लुले भरपूर सापडतात, आणि त्यांच्या घडणीवरून मातीचा तो थर साधारण कधीचा ते पुरातत्त्ववाले ठरवतात.