वाचकांचे प्रश्न : संग्रहालयात नाग नदीवर व्याख्यान कशाला?

प्रश्न : आमच्या भागातील काही मंडळी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला, म्हणजे आपल्या अजब बंगल्याला, पत्र देणार आहेत. नाग नदीचा पूर, बंद पडलेल्या गिरण्या अशा विषयांवर तेथे जाहीर व्याख्याने व्हावीत, अशी त्यांची मागणी आहे. मला हे पटत नाही. संग्रहालयात शिलालेख, नाणी, शस्त्रे पाहावीत. तक्रारींसाठी महानगरपालिका आहेच. आपले मत काय?
— एक निवृत्त शिक्षक, महाल

उत्तर : सर, आपल्या आक्षेपात एक गोष्ट नक्कीच रास्त आहे. संग्रहालय म्हणजे तक्रार-निवारण केंद्र नव्हे आणि तेथे निव्वळ गाऱ्हाणी मांडली जाऊ लागली तर दुसऱ्या व्याख्यानाला कोणी फिरकणार नाही. मात्र नाग नदीचा पूर हा इतिहासाबाहेरचा विषय आहे, असे मानणे मला मान्य नाही. 23 सप्टेंबर 2023 रोजी पहाटे अवघ्या काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला, नदीकाठच्या वस्त्यांत झोपेत असलेल्या लोकांच्या घरांत पाणी शिरले आणि मोरभवन बसस्थानकातील गाड्या पाण्यात बुडाल्या. हा तलाव भोसल्यांच्या काळातला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा बांध उंच करून शहराला पाणी पुरवण्यात आले. तलाव कोणासाठी बांधला, त्याखालच्या नदीचे पात्र कोणत्या काळात किती अरुंद झाले, काठावर वस्ती केव्हा आली, हे प्रश्न जुने नकाशे आणि महसुली कागद समोर ठेवल्याशिवाय सुटणारे नाहीत. अशा कागदांची बूज राखणारी जागा संग्रहालयाखेरीज दुसरी कोणती असणार?

शिवाय सार्वजनिक दुखण्यावर उघडपणे बोलण्याची सवय नागपूरकरांना नव्याने लावण्याची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत महागाई, भ्रष्टाचार, खड्डे यांचे बडगे, म्हणजे पुतळे, निघतात आणि ‘घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी देत सारे शहर रस्त्यावर उतरते. काळ्या मारबतीची परंपरा 1881 पासूनची सांगितली जाते. मात्र बडग्या जाळला की वर्षभराची तक्रार त्याच्याबरोबर राख होते. ती कोणी लिहून ठेवत नाही. संग्रहालयाकडे मात्र नोंदवही असते. तेथे झालेले बोलणे ध्वनिमुद्रित होऊन, वक्त्याचे गाव, वस्ती, व्यवसाय आणि तारखेसह दाखल झाले, तर पन्नास वर्षांनी 2023 च्या पुराचा अभ्यास करणाऱ्याला शासकीय अहवालाबरोबरच पंपाने घरातला चिखल उपसणाऱ्या माणसाचे म्हणणेही मिळेल. माझ्या मते संग्रहालयातील व्याख्यान आणि एरवीची सभा यांत खरा फरक एवढाच आहे. नोंद ठेवायची नसेल तर सभा एखाद्या मंगल कार्यालयात घेतलेली बरी.

जाता जाता एक माहिती देतो. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने 2022 मध्ये प्राग येथे संग्रहालयाची जी नवी व्याख्या स्वीकारली, तिच्यात समाजाच्या सहभागाचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या मंडळींच्या पत्रात तो अवश्य असावा.

प्रश्न : माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये साचा, म्हणजे कापड विणायचा माग, चालवीत. अशा व्याख्यानमालेत मी त्यांच्याविषयी बोलावे, असे मैत्रिणी सुचवतात. पण तेथे प्राध्यापकच बोलतात. माझ्यासारखीने काय सांगावे?
— एक वाचक, तांडापेठ

उत्तर : ताई, प्राध्यापकांनी काय सांगायचे ते ठरलेलेच आहे : 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी ही गिरणी सुरू केली, त्यावरून तिचे नाव पडले आणि आज तिच्या जागेवर मॉल उभा आहे. हे सर्व खरे असले तरी, भोंगा झाल्यावर घरातून निघायला किती वेळ मिळे, रात्रपाळीच्या आठवड्यात मुलांना दुपारी घराबाहेर का काढले जाई, गिरणी बंद झाल्यावर पहिले दोन महिने किराणा कोणी उधार दिला आणि तिसऱ्या महिन्यात कोणी बंद केला, हे आपल्या घराशिवाय कोणाला सांगता येणार नाही.

भाषण लिहून काढू नका. आजोबांची एखादी वस्तू जवळ असेल तर ती घेऊन जा : हजेरीचे कार्ड, पगाराची चिठ्ठी किंवा कडांना लोखंडी टोके असलेला, हाताने घासून गुळगुळीत झालेला मागावरचा लाकडी धोटा. वस्तू टेबलावर ठेवून तिच्यापासूनच सुरुवात करावी म्हणजे बोलणे भरकटत नाही. नागपुरी बोलीत बोलायचे असल्यास तशीच बोला. आयोजकांनी ती ‘शुद्ध’ करून छापू नये, असे आधीच बजावून ठेवा. वस्तू संग्रहालयाला देण्याची घाई मुळीच नको. ती तात्पुरती दाखवायला दिली आहे की कायमची, हे लेखी झाल्याशिवाय हातची सोडू नये आणि पावतीवर वस्तूचे वर्णन आपण सांगाल त्याच शब्दांत लिहून घ्यावे.

प्रश्नोत्तरांबाबत आयोजकांना एक विनंती जरूर करा. श्रोत्यांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत आणि सूत्रसंचालकाने ते वाचावेत. नाहीतर माइक हाती आलेले एखादे काका स्वतःचेच व्याख्यान सुरू करतात आणि मागच्या रांगेतील जुन्या कामगाराला बोलायची पाळी येईपर्यंत सभागृहाचे दिवे मालवायची वेळ होते. हे व्याख्यान संध्याकाळी सहानंतर आणि शक्यतो ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात ठेवावे, कारण एप्रिल-मेच्या उन्हात सिव्हिल लाइन्सपर्यंत कोणी म्हातारा माणूस येणार नाही.