मातीचा बांध: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: शेततळ्याच्या बांधावर आंबा लावला तर चालेल का?

नाही. गवत लावा. झाड मेले की कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ्या राहतात आणि पाणी तीच वाट धरते.

प्रश्न: पाझर तलावाच्या बांधामागे पायथ्याशी पाणी येते. लोक म्हणतात, पाझर तलाव आहे, पाझरणारच. दुकानदार गळती थांबवणारी पावडर देतोय. टाकू का?

पावडरीवर पैसे घालवू नका. भरल्या तलावात ओतलेली पावडर बांधाच्या आतल्या वाटेपर्यंत पोहोचेलच असे नाही, आणि तोवर दिवस मात्र जातात. 'पाझरणारच' हे ऐकून गप्प बसणे त्याहून वाईट. येणारे पाणी काचेच्या बाटलीत धरून अर्धा तास हलवू नका. नितळ राहिले तर रोज त्याच वेळी पाहा, वाढते का ते लिहून ठेवा. तळाशी गाळ बसला तर बांधाची माती आतून वाहून चालली आहे. आत पडणारी ही पोकळी मागच्या पायथ्याकडून तलावाकडे सरकत जाते आणि एके दिवशी माथा खचतो. मोरीलगतची, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या नळालगतची, जागा आधी तपासा, तिथे दबाई नीट होत नाही. मागून काळी माती टाकून झरा बुजवू नका; दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून फुटते. तिथे वाळू-खडीचा गाळणीथर लागतो, पण तो अभियंत्यानेच ठरवावा. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटले. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, तिथे गळतीच्या तक्रारी आधीच झाल्या होत्या. नंतर चर्चा झाली ती खेकड्यांनी धरण पोखरल्याची! खेकडे बिळे करतात हे खरे, म्हणून तर तक्रारीनंतर लगेच पाहणी हवी. गढूळ पाणी दिसले तर आजच जलसंधारण कार्यालयात लेखी कळवा, पोच घ्या आणि खालच्या वस्तीला सावध करा.

प्रश्न: जेसीबीवाला म्हणतो, रोलर नको, एका पावसात माती आपोआप बसते. खरे का?

बसते, पण कुठे कमी कुठे जास्त, आणि तिथेच भेगा पडतात. तो तासावर पैसे घेतो, दबाईचा वेळ त्याला परवडत नाही. साधारण 20 सेंटिमीटरचा थर, योग्य ओल, मग रोलर, मग पुढचा थर. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, हाताला चिकटू नये. काळी माती मधल्या गाभ्यात आणि बाहेरून मुरूम घाला. उतार किती ठेवायचा हे मातीवर ठरते, म्हणून पैसे देण्याआधी आखणी तपासून घ्या.

प्रश्न: सांडव्यावर (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर) गोण्या रचून दोन फूट पाणी वाढवू का?

अजिबात नको. पूर माथ्यावरून गेला तर मातीचा बांध काही तासांत धुऊन जातो. रचल्या असतील तर आजच काढा. साठा वाढवायचाच असेल तर आधी अभियंत्याकडून पुराचा हिशेब करून घ्या.