डिप्लोमा आणि कॅटियाच्या जोरावर जर्मनी: कुठे जमतं, कुठे अडतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकल डिप्लोमा, चाकणला डिझाईन विभागात सहा वर्षं कॅटिया या थ्रीडी डिझाईनच्या सॉफ्टवेअरवर काम, वय तीस. जर्मनीत ड्राफ्ट्समनची नोकरी शोधावी, आधी बी.ई. करावं, की आणखी दोन सॉफ्टवेअर शिकावीत?

सॉफ्टवेअरचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपतं. फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यू आणि त्यांच्या पुरवठादारांकडे कॅटिया चालतं. मर्सिडीजने २०१० मध्ये एनएक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे जायचं जाहीर केलं, म्हणून श्टुटगार्टच्या आसपास एनएक्सची विचारणा जास्त. पण गाड्यांच्या धंद्यात सध्या कपातीचे दिवस आहेत. पॅकेजिंगची यंत्रं, मशीन टूल, कन्व्हेयर बनवणाऱ्या मध्यम कारखान्यांकडे बघा. तिथे सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर, क्रिओ, सॉलिड एज यांपैकी काहीतरी असतं. एक पॅकेज मुरलेल्या माणसाला दुसरं काही आठवड्यांत जमतं, हे मुलाखत घेणाराही जाणून असतो. क्लासच्या सर्टिफिकेटवर पैसे घालवू नका.

'ड्राफ्ट्समन' म्हणून मात्र अर्ज करू नका. निव्वळ टूडी डिटेलिंगचं (तयार डिझाईनवरून ड्रॉइंग काढण्याचं) बरंचसं काम इथून, जर्मनीतून, पुण्या-बंगळुरूलाच जातं. म्हणजे तुम्ही आज जे करता, त्यामुळेच इथली ती खुर्ची कमी झाली आहे. जे उरतं ते इथलीच मुलं करतात, 'टेक्निशर प्रोडुक्टडिझाइनर' हा साडेतीन वर्षांचा कारखाना-अधिक-शाळा असा अभ्यासक्रम करून. तुम्ही 'कोन्स्ट्रुक्ट्योर', म्हणजे डिझायनर, या जागेसाठी लिहा: संकल्पना, साधी गणितं, मटेरियलची निवड, पुरवठादाराशी बोलणी आणि शेवटी ड्रॉइंग. सीव्हीत 'इंगेनिऊर' (इंजिनिअर) लिहू नका. ती पदवी कायद्याने राखीव आहे, डिप्लोमावर लावता येत नाही.

आता कागद, खरी मेख इथेच. डिप्लोमा ही इथे विद्यापीठाची पदवी धरली जात नाही, त्यामुळे मेकॅनिकलच्या डिप्लोमावर ब्लू कार्ड (पदवीधरांना मिळणारा काम आणि वास्तव्याचा परवाना) नाही. दोन वाटा उरतात.

पहिली, अनुभवाची. सरकारमान्य असं किमान दोन वर्षांचं शिक्षण, गेल्या पाच वर्षांत त्याच कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव, आणि ठरावीक पगाराची नोकरी हातात. २०२५ साठी हा आकडा वर्षाला ४३,४७० युरो होता (करापूर्वीचा). दर जानेवारीत तो बदलतो. डिप्लोमा भारतात सरकारमान्य असल्याची खातरजमा झेडएबी ही परदेशी शिक्षण तपासणारी जर्मन सरकारी संस्था कागदावर देते. आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन मेकॅनिकल ट्रेड केलेल्यांनाही हीच वाट आहे.

दुसरी, मान्यतेची. न्यूर्नबर्गचं आयएचके फोझा हे परदेशी पात्रता तपासणारं कार्यालय तुमचा डिप्लोमा आणि अनुभव इथल्या प्रोडुक्टडिझाइनरच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतं. गुणपत्रिका, विषयवार अभ्यासक्रम, अनुभवपत्रं, आणि त्यांची शपथबद्ध अनुवादकाकडून केलेली भाषांतरं लागतात. कागद पूर्ण असतील तर साधारण तीन महिन्यांत निर्णय येतो. अर्धवट मान्यता मिळाली तरी काय कमी आहे ते लिहून देतात आणि ते इथे येऊन भरून काढता येतं. खटाटोप जास्त, पण माझं मत याच वाटेला. मान्यताप्राप्त कुशल कामगाराला कायमच्या वास्तव्यासाठी तीन वर्षांनी अर्ज करता येतो. निव्वळ अनुभवाच्या वाटेने आलात तर सहसा पाच वर्षं थांबावं लागतं.

बी.ई.चं म्हणाल तर डायरेक्ट सेकंड इयरला गेलात तरी तीन वर्षं. पदवीनंतर ब्लू कार्ड मिळू शकतं (इंजिनिअरसारख्या टंचाईच्या कामांना २०२५ मध्ये ४३,७५९.८० युरोंची अट होती) आणि बी१ जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायमचं वास्तव्य. बाविशीत असतात तर करा म्हटलं असतं. तिशीत, चालू नोकरी सोडून, नाही.

एक सापळा सांगून ठेवतो. बऱ्याच जागा इंजिनिअरिंग सेवा देणाऱ्या मधल्या कंपन्यांच्या असतात. करारात 'आर्बाइटनेमर-यूबरलासुंग', म्हणजे तुम्हाला दुसऱ्या कंपनीला कामासाठी भाड्याने देणं, असं असेल तर थांबा. अनुभव आणि मान्यता या दोन्ही वाटांना रोजगार कार्यालयाची संमती लागते, आणि अशा भाड्याच्या कामासाठी ती नाकारली जाते. ऑफर हातात असून व्हिसा अडतो तो असा.

मुलाखतीत समोर ड्रॉइंग ठेवतात, आणि पुण्यात अमेरिकन कामं केलेला माणूस तिथे चुकतो. समजा २०० मिमी लांबीची, २० व्यासाची पिन आहे, फिट लहान एच ६ (मापात किती फरक चालेल त्याची खूण). म्हणजे व्यास २०.००० ते १९.९८७. बसायची आहे तेवढ्याच लांबीच्या, मोठा एच ७ भोकात: २०.००० ते २०.०२१. मायक्रोमीटर कुठेही लावा, पिन मापात. पण ती ०.०५ ने वाकलेली आहे. जास्तीत जास्त फट ०.०३४, त्यामुळे पिन अडकणारच. तरी तपासणीत पास! कारण आयएसओ ८०१५ या मानकाप्रमाणे माप वेगळं आणि आकार वेगळा तपासायचा, एकाने दुसऱ्याला बांधायचं नाही. वाय१४.५ या अमेरिकन मानकात उलटं: मापाच्या मोठ्यात मोठ्या मर्यादेत आकारही बसलाच पाहिजे, वेगळं लिहावं लागत नाही. इथे ते हवं असेल तर मापापुढे वर्तुळातला 'ई' टाकावा लागतो. तो का टाकला, आणि कुठे टाकून उगाच खर्च वाढवला, हे दोन्ही सांगता आलं तर निम्मी मुलाखत झाली.

वेल्डिंगचंही तसंच. इथे फिलेटवर (कोपऱ्यातल्या वेल्डवर) बहुधा 'ए५' लिहिलेलं असतं, म्हणजे थ्रोट (वेल्डची मधली जाडी) ५ मिमी. लेग (वेल्डची बाजू) साधारण ७. लेग ५ समजून काढलंत तर थ्रोट साडेतीनच राहतो आणि जोड तीस टक्के कमकुवत होतो. सरफेस फिनिश आरए (सरासरी खडबडीतपणा) ऐवजी आरझेडमध्ये (उंचवटा ते खाच हे अंतर) मागतात. दोघांत ठोकळ रूपांतर करू नका. टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत) आयएसओ २७६८-एमके हे सर्वसाधारण टॉलरन्सचं मानक अजून सर्रास दिसतं, पण त्याचा भौमितिक भाग २०२१ मध्ये मागे घेतला गेला आणि त्या जागी आयएसओ २२०८१ आलं. दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम.

भाषा: कायदा अनुभवाच्या वाटेवर जर्मन मागत नाही, शॉपफ्लोअर मागतो. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे; बी१ करूनच निघा.

पुढची बढती दोन बाजूंनी होते. एक, नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांनी 'टेक्निकर' ही पुढची व्यावसायिक पात्रता मिळवणं, साधारण चार वर्षं. जर्मन पात्रता चौकटीत ते बॅचलरच्याच पातळीला, सहाव्या, धरतात. दुसरी, एखाद्या विषयात खोल जाणं: शीट मेटल, प्लास्टिकचे भाग, टॉलरन्स स्टॅक-अप (अनेक भागांच्या मापांतले फरक एकत्र किती होतात याचा हिशेब). टॉलरन्सवाल्यांना मागणी आहे आणि माणसं कमी आहेत.

राजीनामा द्यायच्या आधी एचआरकडून सविस्तर अनुभवपत्र घ्या. नुसतं रिलीव्हिंग लेटर चालत नाही, त्यात तारखा आणि पदनाम एवढंच असतं. पूर्णवेळ काम, कोणते भाग डिझाईन केले, कोणतं सॉफ्टवेअर, किती जबाबदारी, हे लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह हवं. मजकूर तुम्हीच लिहून न्या, नाहीतर दोन ओळींचं पत्र मिळेल. सोबत फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुक ठेवा. पोर्टफोलिओत कंपनीची ड्रॉइंग अजिबात घालू नका. गोपनीयता मोडणारा माणूस इथे पहिल्या फेरीतच बाद होतो. घरी स्वतः एक छोटी असेंब्ली करा, सात-आठ भागांची, आणि तिची पूर्ण आयएसओ पद्धतीची तीन शीट काढून जोडा.